ग्रामीण ब्रिटनमध्ये बस-रेल्वेने फिरून रिअल एलचे चांगले पब कसे शोधावेत

रिअल एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक ब्रिटिश बिअर, प्यायला आधी पब ठरवायचा आणि मग तिथे जाणारी बस शोधायची, हा शहरातला क्रम इंग्लंड-वेल्सच्या ग्रामीण भागात उपयोगाचा नाही. तिथे सुरुवात परतीच्या शेवटच्या बसपासून करावी, कारण अनेक खेड्यांतून ती संध्याकाळी सहाच्या सुमारासच सुटते आणि रविवारी बहुधा नसतेच. ही एक वेळ पक्की झाली, की कोणत्या गावात किती तास मिळतील आणि त्या तासांत कोणता पब उघडा असेल, हे प्रश्न आपोआप आटोपशीर होतात.

मुक्कामासाठी रेल्वे स्थानक असलेले आणि आसपासच्या खेड्यांकडे बस सोडणारे बाजाराचे गाव निवडावे. वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर या इंग्लिश काउंटीमध्ये श्रूझबरी किंवा लडलो ही अशी सोयीची ठिकाणे आहेत. वेळापत्रकांसाठी ट्रॅव्हललाइन आणि बसटाइम्स ही संकेतस्थळे पुरेशी आहेत, मात्र मार्गनियोजकाने सुचवलेल्या एका प्रवासावर न थांबता त्या मार्गाचे संपूर्ण वेळापत्रक उघडून वाचावे. खरी माहिती तळटिपांत असते: अमुक फेरी फक्त शाळेच्या दिवशी, तमुक फक्त शनिवारी, आणि एखादी तर आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या दिवशी. जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही बाजू त्याच वारासाठी तपासाव्यात आणि बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, येत नाही ना, हेही पाहावे. थांब्यावर लावलेला कागद जुना असू शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बस कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा नजर टाकावी. रेल्वेची वेळापत्रके मुख्यतः मे आणि डिसेंबरमध्ये बदलतात.

नियमित बस नसलेल्या भागांत मागणीनुसार धावणाऱ्या सेवा असतात, उदाहरणार्थ लिंकनशरमधील कॉलकनेक्ट किंवा वेल्समधील फ्लेक्सी. त्यांच्यासाठी आगाऊ नोंदणी लागते आणि संध्याकाळी त्या लवकर आटोपतात. यॉर्कशर डेल्समध्ये डेल्सबसच्या फेऱ्यांमुळे रविवारीही फिरणे शक्य होते, जे अन्यत्र दुर्मीळ आहे. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून सरकारच्या भाडे-मर्यादा योजनेतील बसगाड्यांवर एका फेरीचे भाडे जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलेले आहे. खेड्यातील थांब्यावर बस स्वतःहून थांबेल असे गृहीत धरू नये. ती दिसताच हात स्पष्टपणे वर करावा. एक्सिटर ते बार्नस्टेपलच्या टार्का लाइनवर किंवा श्रूझबरीहून स्वान्झीकडे जाणाऱ्या हार्ट ऑफ वेल्स लाइनवर तर कित्येक स्थानकेही अशीच आहेत: चढायचे असल्यास चालकाला हात दाखवावा लागतो आणि उतरायचे असल्यास गार्डला आधी सांगून ठेवावे लागते. या दुसऱ्या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या असल्याने एक चुकली, तर पुढचे तास त्या गावातच काढावे लागतात.

पबच्या निवडीसाठी पहिला आधार म्हणजे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कॅमरा या ग्राहक संघटनेची ‘गुड बिअर गाइड’. स्थानिक शाखांचे सदस्य स्वतः बिअर पिऊन या वार्षिक पुस्तकातले पब निवडतात, म्हणून एखाद्या जाहिरातीपेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आहे. मात्र पुस्तकात जागा मर्यादित असल्याने वगळलेला पब वाईटच, असा निष्कर्ष काढू नये; कॅमराच्या संकेतस्थळावरील यादी त्याहून पुष्कळ मोठी आहे. कास्क मार्कचे प्रमाणपत्र हा दुसरा आधार, कारण त्यासाठी पबमधील बिअरची तपासणी होते. उघडण्याच्या वेळांबाबत मात्र कोणत्याही पुस्तकावर विसंबू नये. खेड्यांतले अनेक पब सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात आणि दुपारी तीन ते पाच-सहापर्यंत दार लावून घेतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा दुपारची बस प्रवाशाला आणून सोडते. सरळ फोन करून विचारावे आणि त्याच फोनमध्ये आज कोणती एल चालू आहे, हेही विचारून घ्यावे. उत्तर देणाऱ्याला ते चटकन सांगता आले, तर मी ते शुभचिन्ह मानतो.

चांगला पब ओळखण्यासाठी रिअल एलचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. ही बिअर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता हातपंपाने वर खेचून, किंवा काही जुन्या पबमध्ये थेट पिंपाच्या तोटीतून ग्लासात सोडली जाते. पिंप चालू केले, की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत बिअरची गोडी उतरू लागते. आता हिशेब करा: फर्किन या नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बिअर असते. सहा हातपंपांच्या पबला तीन दिवसांत, गाळ वजा न करता, ४३२ पाइंट खपवावे लागतील, आणि लहान खेड्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी एवढे पिणारे येणार कुठून? म्हणून निर्जन भागात लांबलचक पंपांच्या रांगेपेक्षा एक-दोन पंपांचा पब मला अधिक विश्वासार्ह वाटतो. पंपावरील नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल, तर ती बिअर संपलेली आहे. संपलेली बिअर मुकाट्याने ओढत न राहता पट्टी फिरवणारा मालक काळजीवाहू असतो.

मागवण्यापूर्वी घोटभर चव मागण्यास संकोच करू नये. बिअर ११ ते १३ अंश सेल्सिअसला, थंडगार नव्हे तर तळघराच्या गारव्याइतकी असावी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ग्लास तसाच परत नेऊन नम्रपणे सांगावे. चांगल्या पबमध्ये तो बदलून मिळतो. गढूळपणा मात्र नेहमीच दोष नसतो, काही एल मुद्दाम न निवळता विकतात, तेव्हा आधी विचारावे. दोन-तीन पब एका दिवसात पाहायचे असतील, तर अर्धा पाइंट घेणे शहाणपणाचे.

या पद्धतीने जुळवता येणारे उदाहरण म्हणजे श्रॉपशरमधील बिशप्स कॅसल. तिथली रेल्वे १९३५ मध्येच बंद झाली, पण श्रूझबरीहून बस जाते, आणि १६४२ च्या परवान्याचा वारसा सांगणारी थ्री टन्स ब्रूअरी त्याच नावाच्या पबच्या शेजारी मनोऱ्यासारख्या इमारतीत उभी आहे.

शेवटचा मैल-दोन मैल पायी जायचा असल्यास ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा आणि शक्यतो सार्वजनिक पायवाटा धराव्यात. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा विजेरी हवीच. परतीची बस चुकल्यास टॅक्सीचा विचार मनात येतो, परंतु खेड्यांतल्या टॅक्सी शाळा सुटण्याच्या वेळी मुलांना घरी पोहोचवण्याच्या कामात गुंतलेल्या असू शकतात आणि रात्री तर त्या मिळतीलच असे नाही, म्हणून नंबर आणि वेळ दोन्ही सकाळीच ठरवून ठेवावे.