सिग्नलिंग गेममध्ये अ‍ॅब्सोल्युट ब्लॉक कसं चालवायचं: घंटी, काटा आणि टेल लॅम्प

सिमसिगसारख्या रेल्वे सिग्नलिंगच्या कॉम्प्युटर गेममध्ये पॅनेलवाली, म्हंजे स्क्रीनवरच्या नकाशावर क्लिक करून चालवायची, ठिकाणं खेळून हात बसला की वाटतं आपल्याला सिग्नलिंग जमलं. या सिग्नलवर क्लिक, त्या सिग्नलवर क्लिक, पांढरी रेघ आली, गाडी गेली. मग एखादं जुन्या पद्धतीचं, म्हंजे अ‍ॅब्सोल्युट ब्लॉकवर चालणारं, केबिन (सिग्नल चालवायची खोली) उघडायचं आणि पंधरा मिनिटात मागं तीन गाड्या उभ्या, कारण सगळे सिग्नल पडतात, म्हंजे गाडीला जायला मोकळे होतात, पण सेक्शनमध्ये सोडणारा शेवटचा सिग्नल काही केल्या पडत नाही. माझं तसंच झालं होतं, तेव्हा मामा मागं खुर्ची टाकून बसले होते. मामा सोलापूर-कुर्डुवाडी पट्ट्यात छोट्या स्टेशनवर मास्तर होते, आता रिटायर. त्यांनी स्क्रीनकडं बघून एवढंच विचारलं, "पुढच्याकडनं लाइन क्लिअर घेतलास का रे?" लाइन क्लिअर म्हंजे गाडी पाठवायला पुढच्या केबिनची परवानगी, ती घेतलीच नव्हती. तिथनं पुढं जे शिकलो ते हितं लिहितोय, कारण मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला तरी सापडलं नाही.

मूळ नियम एका ओळीचा आहे. दोन केबिनच्या मधल्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणायचं आणि एका लाइनवर त्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पॅनेल खेळणाऱ्याला गोंधळ का होतो तर त्याला प्रत्येक गाडी लाल रेघ म्हणून दिसत असते, आणि हितं मधल्या सेक्शनमध्ये बहुतेक ठिकाणी ट्रॅक सर्किटच (रुळावर गाडी आहे हे ओळखणारी विजेची सोय) नसतं, त्यामुळं गाडी तुमच्याकडनं सुटली की ती नजरेआड. ती कुठं आहे हे फक्त घंटीवरनं आणि ब्लॉक इन्स्ट्रुमेंटच्या, म्हंजे दोन केबिनना जोडणाऱ्या यंत्राच्या, काट्यावरनं कळतं. काट्याच्या जागा तीन: नॉर्मल म्हंजे लाइन बंद, लाइन क्लिअर, आणि ट्रेन ऑन लाइन. आणि लक्षात ठेवायची गोष्ट ही की येणाऱ्या गाडीसाठीचा काटा गाडी घेणारा फिरवतो, पाठवणारा नाही. पाठवणाऱ्याकडं नुसती त्याची नक्कल दिसते.

समजायला आपलीच स्टेशनं घेऊ, घंट्या मात्र गेममधल्या म्हंजे ब्रिटिश ठेवू. गाडी पाकणीकडनं येतीये, तुम्ही बाळ्याला बसलाय, पुढं सोलापूर. पाकणीवाला आधी १ टोला देतो, म्हंजे लक्ष द्या. तुम्ही १ परत द्यायचा. मग तो ३-१ वाजवतो (तीन टोले, जरा थांबून एक), साध्या पॅसेंजरसाठी लाइन क्लिअर आहे का असं विचारतोय. आता हात लगेच घंटीकडं न्यायचा नाही. आधीची गाडी पूर्ण गेली का, तिच्यामागं होम सिग्नल (तुमच्या स्टेशनात शिरतानाचा) परत धोक्यावर, म्हंजे 'थांबा' वर, आणला का, आणि होम सिग्नलच्या पुढं ४४० यार्ड म्हंजे साधारण ४०० मीटर लाइन मोकळी आहे का, हे बघायचं. हे ४४० यार्ड कशासाठी, तर ड्रायव्हरचा ब्रेकचा अंदाज चुकून गाडी होमच्या पुढं घसरली तरी तिथं काही उभं नसावं. सगळं ठीक असेल तर ३-१ परत वाजवायची आणि काटा लाइन क्लिअरवर. ठीक नसेल तर उत्तरच द्यायचं नाही, गप्प बसायचं, तो थोड्या वेळानं परत विचारेल. नवीन लोकांना वाटतं उत्तर नाही दिलं तर आपलं काहीतरी चुकलं, तसं अजिबात नाही, गप्प राहणं हाच तिथं नकार आहे.

तुम्ही लाइन क्लिअर दिली की पाकणीचा शेवटचा सिग्नल मोकळा होतो, आणि बऱ्याच केबिनमध्ये एका लाइन क्लिअरवर तो एकदाच पडतो. म्हणून देऊन झालेला सिग्नल उगाच परत धोक्यावर आणून बघत बसू नका, परत सगळं पहिल्यापासनं करावं लागतं.

गाडी पाकणी सोडून सेक्शनमध्ये शिरली की तो २ टोले देतो. याच्या आधी लक्ष द्या वाला १ टोला नसतो, सरळ २ येतात. तुम्ही २ परत देऊन काटा ट्रेन ऑन लाइनवर आणायचा. मग तुम्ही सोलापूरला तसंच विचारायचं, १, मग ३-१, त्यानं लाइन क्लिअर दिली की होम, स्टार्टर (पुढच्या सेक्शनमध्ये सोडणारा), आणि सगळ्यात शेवटी डिस्टंट (होमच्या बराच आधी असतो, पुढचे सिग्नल कसे आहेत ते ड्रायव्हरला सांगतो). तुमचे सगळे स्टॉप सिग्नल पडल्याशिवाय डिस्टंट पडत नाही. गाडी तुमच्यापुढनं जाताना सोलापूरला २ टोले, सिग्नल परत धोक्यावर, आणि शेवटच्या डब्यावरचा टेल लॅम्प बघून झाल्यावर पाकणीला १ आणि मग २-१, म्हंजे गाडी सेक्शनच्या बाहेर आली. काटा नॉर्मलवर. झाली एक गाडी.

टेल लॅम्पचं जरा नीट सांगतो, कारण गेममध्ये लोक हाच भाग सगळ्यात हलक्यात घेतात. मामा सांगतात, थ्रू जाणारी गाडी असली की ते झेंडी धरून प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे, सगळे डबे बघायचे, आणि शेवटच्या डब्यामागचा मोठा पिवळा फुलीचा मार्क, एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हंजे शेवटचा डबा) पाटी आणि रात्री असेल तर लाल दिवा दिसल्याशिवाय खोलीत पाय ठेवायचे नाहीत. इंजिन आलं म्हंजे गाडी आली असं नसतं. मधेच कपलिंग तुटून चार डबे सेक्शनमध्येच राहिले असतील तर इंजिन बघून तुम्ही २-१ देणार, मागचा पुढची गाडी सोडणार आणि ती जाऊन त्या डब्यांवर आदळणार. सेक्शन रिकामं आहे याचा तुमच्याकडं दुसरा पुरावाच नाही. गेममध्ये टेल लॅम्प दाखवायची सोय असेल तर ती बघितल्याशिवाय २-१ देऊ नका, आणि दिवा दिसलाच नाही तर पुढच्या केबिनला ९ टोले आणि मागच्याला ४-५.

आता घंट्या. सगळा तक्ता पहिल्या दिवशी पाठ करायची गरज नाही. एक्सप्रेस ४, साधी पॅसेंजर ३-१, रिकामे डबे २-२-१, नुसतं इंजिन २-३, एवढ्यावर पहिला आठवडा निघतो, मालगाड्यांचे कोड खेळता खेळता बसतात. गाडीच्या नंबरातला पहिला आकडा बघायची सवय लावा, १ असेल तर एक्सप्रेस, २ साधी, ५ रिकामे डबे, ० नुसतं इंजिन. पण ज्यांच्या घरात रेल्वेवाले आहेत त्यांनी एक सांभाळा. आपल्याकडं कोड वेगळे आहेत. मामांच्या हाताला २ टोले म्हंजे लाइन क्लिअर विचारणं, ३ म्हंजे गाडी सेक्शनमध्ये शिरली आणि ४ म्हंजे गाडी बाहेर आली. ब्रिटिश गेममध्ये २ म्हंजे गाडी शिरली आणि ४ म्हंजे एक्सप्रेस येऊ का. मामांना खेळायला बसवलं तेव्हा समोरनं ४ आले आणि ते म्हणाले, "चला, गाडी पोचली." ६ टोले मात्र दोन्हीकडं सारखेच, समोर धोका आहे, सगळं थांबवा. ते आले की आधी सिग्नल धोक्यावर टाका, मग उत्तर द्या.

खरी मजा वेळेची आहे आणि माझ्या मते हा गेम तिथंच जिंकला किंवा हरला जातो. समजा पुढचं सेक्शन ६ मैलांचं आहे. ताशी ३० मैलांची मालगाडी ते १२ मिनिटात कापते, ६० ची एक्सप्रेस ६ मिनिटात. मालगाडी तुमच्याकडनं १०:०० ला सुटली तर पुढचा साधारण १०:१३ ला २-१ देईल. एक्सप्रेसच्या ड्रायव्हरला डिस्टंट मोकळा दिसायला हवा असेल तर ती तुमच्यापाशी पोचायच्या दोनेक मिनिटं आधी पुढची लाइन क्लिअर हातात पाहिजे. म्हंजे १०:१५ च्या आत येणारी कुठलीही एक्सप्रेस तुम्ही मालगाडी सोडून अडवली. १०:१० ची असेल तर मालगाडी लूपमध्येच (बाजूच्या लाइनवर) ठेवा, कितीही मोह झाला तरी. उलट बाजूनं, पुढच्याला लई लवकर विचारलं तर तो लाइन क्लिअर देऊन बसतो आणि त्याच्या त्या ४४० यार्डात त्याला शंटिंगसुद्धा (डबे-इंजिन इकडंतिकडं हलवणं) करता येत नाही. मित्राबरोबर दोघांत दोन केबिन घेऊन खेळत असाल तर हे लगेच कळतं, कारण मग फोन येतो.

लिव्हरवर (सिग्नल ओढायच्या दांड्यावर) आठवणीसाठी अडकवायची कॉलर, गेममध्ये ती रिमाइंडर म्हणून असते, ती जरूर वापरा. २२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलला एक लोकल गाडी केबिनच्या समोरच मेन लाइनवर उभी करून ठेवली होती, आणि सिग्नलमन तिला विसरला. लिव्हरवर कॉलर अडकवलेली नव्हती. त्यानं सैनिकांच्या गाडीला लाइन क्लिअर दिली. २०० हून जास्त माणसं गेली. खिडकीतनं दिसणारी गाडी विसरली जाते, मग स्क्रीनवरची कोपऱ्यातली गाडी तुम्ही विसरणार नाही असं समजू नका. सिग्नलपाशी गाडी थांबवली की त्याच क्षणी कॉलर.

सुरुवात रात्री बारानंतरच्या टाइमटेबलनं करा, गाड्या कमी असतात. आणि शेजारी एक वही ठेवा. मामांनी मला शंभर पानी वही आणून दिली आणि पट्टीनं स्वतः रेघा मारून दिल्या, जसं स्टेशनवर ट्रेन रजिस्टर असतं तसं. गाडीचा नंबर, मागच्यानं विचारलं ती वेळ, मी लाइन क्लिअर दिली ती वेळ, सेक्शनमध्ये शिरली ती, माझ्यापुढनं गेली ती, आणि शेवटच्या कॉलममध्ये मी २-१ दिला ती वेळ. मागच्यानं नवीन गाडी विचारली की आधी वहीकडं बघायचं. आधीच्या गाडीचा शेवटचा कॉलम कोरा असेल तर घंटीला हात लावायचा नाही.