पीएच.डी.ला किती तास? बेळगावात संशोधनाला येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं पीएच.डी.चं विचारायला आली की पहिला प्रश्न ठरलेला : "गाईड किती वाजेपर्यंत थांबवून घेतात?" घरच्यांचा वेगळा : "रविवार तरी मिळतो ना?"

कागदावरचं आधी उरकते. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० (जानेवारी २०२३ पासूनचे दर). सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला ३० दिवस रजा, तीही मंजूर झाली तर. उन्हाळी-दिवाळीची लांब सुट्टी विसरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला किमान ३ वर्षं, कमाल ६, फेरनोंदणीने आणखी २ आणि स्त्रियांना त्यावर आणखी २. प्रसूती व बालसंगोपनासाठी सगळ्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा. मात्र रोज किती तास काम, हे त्यात कुठेच नाही. ते लॅबमध्ये ठरतं, आणि निम्मं तरी तुमच्या हातात असतं.

मी वनस्पतींच्या अर्कांवर काम करते. सॉक्सलेट (अर्क काढायचं काचेचं उपकरण) एकदा लावला की तासन्तास चालतो, आत पेट घेणारं सॉल्व्हंट (अर्क उतरवणारा द्रव) असतं, त्याला एकटं सोडून घरी जायचं नसतं. तो सकाळी आल्या आल्या लावायचा. पेशींवर अर्काचा ७२ तासांचा परिणाम बघायचा असेल तर गुरुवारी सुरू केलेला प्रयोग रविवारी मोजावा लागतो, सोमवारी सुरू केला तर गुरुवारी. वारासारखीच वेळही बघा. संध्याकाळी पाचला अर्क घातला की चौथ्या दिवशी पाचलाच एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते दाखवणारं रसायन) घालायचं, मग पुढचे तीन-चार तास थांबायचं. तोवर खानापूरच्या पुढच्या गावाची शेवटची बस गेलेली असते. सकाळी दहाला घातला असता तर दुपारी तीनपर्यंत मोकळे. कितीतरी जणांचे रविवार गाईडमुळे जातात असं वाटतं, प्रत्यक्षात ते वार न बघता सुरू केलेल्या प्रयोगांपायी जातात. (गाईडमुळेही जातात, त्याकडे येतेच.) पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवं मिडियम (त्यांचं पोषक द्रावण) लागतं, त्याला शनिवार-रविवार कळत नाही. दोघी-तिघींनी पाळ्या लावून घ्या. उंदरांना २८ दिवस रोज डोस द्यायचा असेल तर त्यात गणपती येतात का, हे आधी बघा.

आपल्या भागाची एक वेगळी भानगड आहे. घरच्या भिंतीवर महाराष्ट्राचं कॅलेंडर, संस्थेत यादी कर्नाटकाची किंवा केंद्राची. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, राज्य विद्यापीठ बंद, केंद्राच्या संस्थेत हजेरीच्या मशीनवर बोट लावायचं. आपली शिवजयंती वैशाखात, चित्ररथ बघत रात्रभर जागायचं आणि सकाळी लॅब. भातलावणी आणि सुगीला घरचे हक्काने बोलावणार. हे सगळं त्या ३० दिवसांतून जातं, म्हणून जानेवारीतच दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून रजा मांडा. मुलींना २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळे जाऊन-येऊन करणाऱ्या वाढल्यात. पैसे वाचतात, पण निपाणीहून रोज येण्यात दिवसाचे तीन तास तरी जातात. प्रयोगाच्या आठवड्यांपुरती टिळकवाडीत कुणाबरोबर तरी खोली घ्या.

आता गाईड. "डेटा दे, मग कधीही ये," असं पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात. आणि लॅब मीटिंग संध्याकाळी साडेपाचला ठेवतात. म्हणून पहिल्याच महिन्यात नेमकं विचारा : "मॅडम, मी आठला येऊन चारला गेले तर चालेल का? मीटिंग दुपारी घेता येईल का?" नुसती विनंती नेऊ नका, आठवड्याच्या प्रयोगांचा तक्ता सोबत न्या. तक्ता बघून सहसा कुणी नाही म्हणत नाही. तरीही रात्री अकराला फोन करणारे, सुट्टीच्या दिवशी घरची कामं सांगणारे भेटतात. अशा वेळी कामाची रोजची नोंद तारीख-वेळ घालून ठेवा. दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं, तिथे ती नोंद उपयोगी पडते. प्रवेश घेण्याआधी त्या लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठलंत तर बरंच आधीच कळतं.

इतिहास, मराठीवाल्यांना लॅब नसते, त्यांची अडचण उलटी : कुणी बोलावतच नाही आणि वर्ष निघून जातं. त्यांनी गाईडकडून आठवड्याचा एक वार पक्का करून घ्यावा. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्या शिक्षकांना नियमाप्रमाणे संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, त्यात कामासाठी सवड देऊ असं लिहिलेलं असतं. ती सवड कुठल्या वारी, हे मुख्याध्यापकांशी अर्ज भरण्याआधीच बोलून घ्या.