दोन पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा पतंग : ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात नागपुरात परसबागेत चला किंवा सेमिनरी हिल्सवर, पायाजवळून एक तपकिरी पतंग उडतो आणि दोन हात अंतरावर जाऊन बसतो. पंख पसरून जेमतेम दोन सेंटिमीटर, पुढच्या पंखावर मध्यभागी पांढरी पट्टी आणि टोकाकडे दुसरी आखूड. हा स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने 1775 मध्येच त्याचं वर्णन केलं, तरी आजही तो भलत्याच नावाने नोंदला जातो.

पहिली चूक फोटो काढताना फ्लॅश वापरण्याची. स्पोलाडियासारखाच दिसणारा दुसरा पतंग म्हणजे हायमेनिया परस्पेक्टॅलिस. फरक पांढऱ्या पट्ट्यांत आहे: स्पोलाडियाच्या मागच्या पंखावरची पट्टी रुंद आणि सलग, हायमेनियाची बारीक आणि दातेरी, शिवाय त्याच्या पुढच्या पंखावर सुटे पांढरे ठिपके. फ्लॅश पडला की पांढरा भाग फटफटीत होतो, कडा आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. मग कितीही मोठा करून बघा, फोटो कामाचा नाही. फ्लॅश बंद ठेवा, टॉर्च बाजूने धरा, मोबाइलच्या स्क्रीनवर पतंगाला टॅप करून उजेड कमी करा. फोटो बरोबर वरून घ्या, मागचा पंख दिसलाच पाहिजे. शेजारी मोजपट्टी ठेवा.

दुसरी चूक जास्त त्रासदायक: ज्या झाडाखालून उडाला, त्याच झाडाचा ठरवणं. सागाखाली दिसला की लगेच ‘सागाचा पतंग’! सागाच्या पानाची जाळी करणारा युटेक्टोना मॅकेरॅलिस पिवळसर असतो, त्यावर लालसर नागमोडी रेषा. आपला पट्टेवाला सागाला तोंडही लावत नाही. त्याच्या अळ्या खालच्या काटेमाठावर, घरी तांदुळजा, राजगिरा, पालकावर. म्हणून वर बघण्याआधी खाली वाका. गुंडाळलेलं पान उलगडा: आत धाग्यांचं जाळं, पातळ पापुद्रा उरलेले डाग आणि हिरवी अळी सापडली, तर अंदाज भक्कम होतो.

चिमटीत धरू नका, खवले गळतात. झिजलेल्या पतंगाला प्रजातीचं नाव देऊ नका, क्रॅम्बिडी या त्याच्या कुळाच्या नावापाशी थांबा.

फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने सुचवलेलं पहिलं नाव तसंच चिकटवणं हा निव्वळ उतावीळपणा आहे. मागच्या पंखाची पट्टी स्वतः तपासा, मगच नोंद करा.