१२,३४,५६,७८९ ही संख्या कशी फोडायची

भाचीने परवा विचारलं, "मावशी, एक ते नऊ ओळीने लिहिले तर ती मूळ संख्या होते का गं?" कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि बसलो दोघी.

आधी अंकांची बेरीज करा: ४५. म्हणजे ९ ने भाग जातो, मूळ संख्या नाहीच. भागून येतात १,३७,१७,४२१. यांची बेरीज २६, तेव्हा ३ चा विषय संपला. शेवटी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद.

७, ११, १३ एकदमच तपासा, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा; उत्तराला भाग जात नसेल तर संख्येलाही जात नाही. आपल्या लाख-कोटीच्या स्वल्पविरामांकडे बघू नका, मी तिथेच फसले होते. ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही.

आता १७, १९, २३ करत बसलात तर रात्र होईल. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरा: जरा मोठा वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, बाकीही वर्ग आहे का बघा. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६, बाकी २१९५. नाही. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. बाकी ९६०४, म्हणजे चक्क ९८ चा वर्ग! दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची वजाबाकी गुणिले बेरीज, म्हणून अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ. (अवयव वर्गमुळाला चिकटून असले तरच इतकं पटकन जमतं.)

विभाजक मोजायला ३² × ३६०७ × ३८०३ मधल्या प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२. भाचीने अकरा लिहिले. १ राहिला होता.