भरिताच्या लेखाचे तीन खर्डे

दिवाळी अंकासाठी, शाळेच्या वार्षिकांकासाठी किंवा नुसतं घरच्यांसाठी काही लिहायचं असेल, तर पहिला खर्डा एका बैठकीत संपवा. शीर्षक, शुद्धलेखन, सुरुवात यांत अडकू नका. शब्द आठवला नाही तर फुली मारून पुढे सरका. पाठकोरे कागद सगळ्यात बरे; नवी वही दिसली की माणूस अक्षर सांभाळत बसतो.

मग कागद दोन रात्री कपाटात. लगेच वाचलं तर लिहिलेलं दिसत नाही, मनात होतं तेच दिसतं.

तिसऱ्या दिवशी लाल पेन घ्या आणि पहिला परिच्छेद हाताने झाकून वाचा. बहुतेकदा त्याच्याशिवाय लेखाचं काही अडत नाही. गेल्या हिवाळ्यात मी शेतातल्या भरीत पार्टीवर लिहिलं. सुरुवात अशी होती: ‘खान्देशचे भरीत सर्वदूर प्रसिद्ध असून त्याची चव अवर्णनीय असते.’ अवर्णनीय! म्हणजे वर्णन करायचं तेवढं मी टाळलं होतं. दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य गेलं आणि ‘काकांनी कापसाच्या काड्या पेटवल्या, त्यावर वांगी भाजली’ हे आलं. खरं, पण अजून कोरडं. तिसऱ्यात लिहिलं: ‘काका जाळातून वांगं ओढायचे, या हातातून त्या हातात झेलत साल सोलायचे, आणि धूर डोळ्यांत गेला की शिव्या वाऱ्याला.’ ‘चव’ हा शब्द पुढे कुठेच लागला नाही.

बोलणं दुरुस्त करताना हात आवरा. काकू म्हणाली होती, ‘मिरच्या कमी पडन्यात.’ मी ते ‘पडल्या आहेत’ केलं आणि काकू लेखातून निघूनच गेली. अहिराणी तशीच ठेवली तेव्हा परत आली.

यानंतर लेख मोठ्याने वाचा, दार लावून का होईना. 1880 साली आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी आधी तोंडून आली, कागदावर दुसऱ्यांनी उतरवली. आपलं उलट असतं, म्हणून जीभ कुठे अडखळते ते मुद्दाम तपासावं लागतं. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा. ‘अत्यंत’, ‘खरोखरच’ असले शब्द कानाला आपोआप खटकतात.

शेवटी एकाच माणसाला वाचायला द्या. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘कुठे कंटाळा आला?’ असं विचारा. माझ्या बहिणीने कळण्याच्या पुऱ्यांवर बोट ठेवलं. मी तिथे सात ओळी खर्चल्या होत्या.

‘कळणं म्हणजे काय, हे तू मला सांगतो का रे?’

सातही ओळी काढल्या. अंक पुण्याचा होता म्हणून ‘ज्वारी-उडदाच्या’ एवढा एक शब्द तेवढा राहू दिला.