पक्षाघातानंतर बीपी कसं सांभाळायचं: पट्टा, वही आणि गोळी

एकदा पक्षाघाताचा झटका येऊन गेला की दुसरा टाळण्यासाठी घरच्यांच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बीपी. घरी परतल्यावर बहुतेक रुग्णांचं बीपी १३०/८०च्या खाली ठेवायचं असतं. मानेतली धमनी फार अरुंद झाली असेल किंवा उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर डॉक्टर वेगळा आकडा ठरवतात. तुमच्या रुग्णाचा आकडा विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

मोजण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. यंत्र मनगटाचं नको, दंडाचं घ्या. आधी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराला चालतो. जाड दंडाला तोच आवळून बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. लुळ्या किंवा आखडलेल्या हातावर मोजू नका, चांगला हात घ्या आणि रोज तोच.

सकाळी लघवी करून आल्यावर, नाश्ता आणि गोळी घेण्याआधी मोजायचं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. (मिश्री आणि तंबाखू खरं तर कायमचीच बंद हवी.) रुग्णाला खुर्चीत पाठ टेकून बसवा. पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला. टीव्ही बंद करून पाच मिनिटं शांत बसू द्या. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. तपासणीच्या आधीचे सात दिवस हे न चुकता करा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते.

नाशिकची हवाही आकडा हलवते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. पहाटे गार पाण्याची आंघोळ या रुग्णांनी टाळावी. एप्रिल-मेमध्ये उलट: घाम जातो, वाहिन्या सैलावतात आणि तीच गोळी जास्त पडते, त्यातही लघवी वाढवणारी असेल तर फारच. बसून मोजल्यावर उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. रुग्णाचा तोल जात असेल तर शेजारी धरायला माणूस हवाच. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांना कळवा. डोस मनाने अर्धा करू नका.

"बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?" हा विचार घातक आहे. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं. बीपीच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. दोन्हींना पर्याय आहेत, म्हणून गोळी बंद न करता तक्रार सांगा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाताना दोन दिवसांच्या जादा गोळ्या जवळ ठेवा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेतलं तर बीपी वाढतं, हे फार जणांना माहीतच नसतं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. मिसळीत कटाला मीठ, फरसाणाला मीठ, पावात मीठ, वर पापड. लोणचं, ठेचा, कुरडया यांतही भरपूर. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका.

तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, बोबडी वळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यांतलं काहीही झालं तर लगेच १०८ला फोन करा. बीपी उतरवायला जिभेखाली गोळी ठेवू नका. एकदम घसरलेलं बीपी मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तोडू शकतं. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ॲस्पिरिनही नको, झटका रक्तस्रावाचा असू शकतो. रुग्ण शेवटचा ठीक दिसला ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. निघताना बीपीची वही आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.