श्रीमंतांनी अमेरिकेत राहण्याचे ठिकाण निवडताना या चुका टाळाव्यात

अमेरिकेत राहण्यासाठी सर्वांत चांगली गावे कोणती, हे सांगणाऱ्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांत कॅलिफोर्नियातील ॲथर्टन, न्यू यॉर्कजवळचे स्कार्सडेल, फ्लोरिडातील पाम बीच अशी नावे आलटून पालटून दिसतात. या याद्या बहुधा तेथील कुटुंबांच्या उत्पन्नावरून किंवा घरांच्या किमतींवरून केलेल्या असतात. पैसेवाले लोक कोठे राहतात एवढे त्यांतून समजते. आपण तेथे का राहावे, हे समजत नाही. कंपनी विकून मोकळा झालेला चाळिशीतला उद्योजक, शाळकरी मुले असलेले डॉक्टर दांपत्य आणि निवृत्तीनंतर वर्षातले चार महिने पुण्यात घालवणारे जोडपे यांना एकच गाव सोयीचे ठरणे कठीण आहे. राज्याचे नाव ऐकून निर्णय घेण्याची घाई हे मोठ्या नुकसानीचे प्रमुख कारण असते, असे माझे स्पष्ट मत आहे. कर, विमा आणि शाळा या तिन्ही बाबतींत रस्त्याच्या या बाजूचे घर आणि त्या बाजूचे घर यांच्यात फार मोठा फरक पडू शकतो.

आयकर नाही म्हणजे कर नाही, असे समजणे

अलास्का, फ्लोरिडा, नेव्हाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डाकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग ही नऊ राज्ये पगारावर राज्याचा आयकर न घेणारी म्हणून वर्षानुवर्षे ओळखली जातात. याउलट कॅलिफोर्नियात सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे, आणि मॅसॅच्युसेट्सने २०२३ पासून दहा लाख डॉलरवरील उत्पन्नावर ४ टक्के जादा कर बसवला आहे. एवढे वाचून अनेक जण सामान बांधायला घेतात. परंतु त्या नऊ राज्यांतही सर्वत्र सारखी स्थिती नाही. वॉशिंग्टन राज्य २०२२ पासून मोठ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर घेते, आणि त्या राज्याचा स्वतःचा इस्टेट टॅक्स, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या संपत्तीवरचा कर, हाही आहे, ज्याची सूट केंद्राच्या सुटीपेक्षा कितीतरी कमी, म्हणजे सुमारे ३० लाख डॉलर आहे. तेथील बेलव्ह्यू शहरातले एक घर आणि वीस वर्षे जमवलेले कंपनीचे शेअर एवढ्यावरच ही मर्यादा ओलांडली जाते. ओरेगनमध्ये तर ही मर्यादा केवळ १० लाख डॉलर आहे. केंद्राची सूट २०२६ साठी माणशी दीड कोटी डॉलर असल्यामुळे अनेकांचा असा समज होतो की हा विषय आपल्यासाठी नाही, आणि राज्याच्या कराकडे दुर्लक्ष होते.

टेक्सासचे उदाहरण आकड्यांत पाहू. तेथे मालमत्ता कराचा एकत्रित दर अनेक उपनगरांत २ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ३० लाख डॉलरच्या घरावर वर्षाला सुमारे ६० हजार डॉलर. कॅलिफोर्नियात त्याच किमतीच्या घरावर साधारण ३५ हजार डॉलर पडतील, आणि १९७८ च्या प्रपोझिशन १३ या नियमामुळे करपात्र मूल्य मालक बदलेपर्यंत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नाही. ज्याचे वार्षिक उत्पन्न वीस लाख डॉलर आहे त्याला टेक्सास निश्चित लाभदायक आहे. पण ज्याचे करपात्र उत्पन्न आता बेताचे आहे आणि घर मात्र मोठे हवे आहे, अशा निवृत्त दांपत्याची आयकरातील बचत मालमत्ता करात निघून जाऊ शकते. केंद्रीय विवरणपत्रात राज्य व स्थानिक करांची जी वजावट मिळते, तीही पाच लाख डॉलरवरील उत्पन्नाला घटत जाऊन शेवटी १० हजारांवर येते. त्यामुळे तेथूनही फारसा दिलासा मिळत नाही.

विक्रेत्याचे करबिल आपलेच समजणे

घराच्या जाहिरातीत मागील वर्षाचा मालमत्ता कर छापलेला असतो आणि खरेदीदार तोच आकडा धरून हिशेब करतो. फ्लोरिडात कायम निवासाच्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढते. म्हणून वीस वर्षे राहिलेल्या मालकाचे बिल बाजारभावाच्या मानाने फारच लहान असते. घर विकले गेले की पुढील १ जानेवारीला हे मूल्य पुन्हा बाजारभावावर येते आणि नव्या मालकाचे बिल दुप्पट-तिप्पट होऊ शकते. कॅलिफोर्नियात तर खरेदीनंतर काही महिन्यांनी फरकाचे वेगळे बिल घरी येते. नव्या वसाहतींत रस्ते आणि जलवाहिन्यांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांची फेडही रहिवाशांच्या बिलात असते. कॅलिफोर्नियात तिला मेलो-रूस म्हणतात, टेक्सासमध्ये मड टॅक्स, फ्लोरिडात सीडीडी. हे तीन शब्द खरेदीपूर्वी एजंटसमोर उच्चारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

विकताना लागणाऱ्या कराचाही आधीच विचार करावा. लॉस एंजेलिस शहराने २०२३ पासून सुमारे ५० लाख डॉलरवरील विक्रीला ४ टक्के आणि सुमारे एक कोटीवरील विक्रीला ५.५ टक्के हस्तांतरण कर लावला. तो नफ्यावर नसून पूर्ण किमतीवर आहे, म्हणजे तोटा झाला तरी भरावा लागतो. बेल एअर आणि ब्रेंटवुड या वस्त्या लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीत येतात. शेजारचे बेव्हर्ली हिल्स हे स्वतंत्र शहर असल्यामुळे तेथे तो लागू नाही.

१८३ दिवस मोजले की स्थलांतर पूर्ण झाले, असे मानणे

ही चूक सर्वांत महागात पडते. न्यू यॉर्क राज्य दोन स्वतंत्र कसोट्या लावते. पहिली अशी की राज्यात आपले कायम वापरता येईल असे घर आहे आणि वर्षात १८३ हून अधिक दिवस आपण त्या राज्यात होतो. दिवसाचा काही तास इतका भागसुद्धा सर्वसाधारणपणे पूर्ण दिवस धरला जातो. दुसरी कसोटी मूळ निवासाची. दिवस कमी भरले तरी आपले खरे घर न्यू यॉर्कमध्येच आहे, असे अधिकारी म्हणू शकतात, आणि त्यासाठी ते दोन्ही घरांचा आकार व वापर, व्यवसायातील सक्रिय सहभाग, वेळ, जिव्हाळ्याच्या वस्तू आणि कुटुंब या पाच गोष्टी पाहतात. मॅनहॅटनमधला मोठा फ्लॅट तसाच ठेवून, पत्नी आणि मुले तेथेच ठेवून, मायामीत छोटासा कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) घेणाऱ्याचा दावा टिकणे अवघड आहे. फोनची नोंद, कार्डाचे खर्च, टोलची नोंद, दंतवैद्याकडील भेटी हे सर्व तपासणीत मागितले जाते, आणि जुने घर आपण खरोखर सोडले हे सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावर असते.

येथे आपल्या लोकांसाठी एक गंभीर इशारा देणे आवश्यक वाटते. स्थलांतराच्या अमेरिकन मार्गदर्शिकांमध्ये नव्या राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स घ्या, गाडीची नोंदणी करा, मतदार म्हणून नाव नोंदवा, असे सरसकट लिहिलेले असते. ग्रीन कार्डधारकाने यातील शेवटची सूचना कदापि पाळू नये. नागरिक नसताना मतदार नोंदणी केली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो आणि देशातून काढले जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. लायसन्स घेताना खिडकीवरचा कर्मचारी हा प्रश्न सवयीने विचारतो. तेव्हा घाईत फॉर्मवर खूण करू नये.

शेअरच्या रूपाने मिळणाऱ्या मोबदल्याचेही असेच आहे. कॅलिफोर्नियात काम करत असताना मिळालेले आरएसयू, म्हणजे ठरावीक काळानंतर हाती येणारे कंपनीचे शेअर, टेक्सासला गेल्यावर हाती आले, तरी त्यातला कॅलिफोर्नियातील कामाच्या दिवसांचा वाटा त्या राज्याला करपात्रच राहतो.

विमा सर्वांत शेवटी पाहणे

घर पसंत करायचे, किंमत ठरवायची आणि मग विमा एजंटला फोन करायचा, हा क्रम आता चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पॅसिफिक पॅलिसेड्स आणि ॲल्टाडेना येथे लागलेल्या वणव्यांत हजारो इमारती जळाल्या, आणि त्याआधीच अनेक विमा कंपन्यांनी कॅलिफोर्नियातील डोंगराळ भागांतल्या पॉलिसींचे नूतनीकरण थांबवले होते. कोणीच विमा देत नाही तेव्हा उरतो तो फेअर प्लॅन, म्हणजे शेवटच्या आधाराची विमा योजना, आणि निवासी घरासाठी त्याची कमाल मर्यादा ३० लाख डॉलर आहे. एक कोटीच्या घराला हा आधार तोकडा आहे.

फ्लोरिडात प्रश्न वेगळा आहे. सप्टेंबर २०२२ च्या इयन चक्रीवादळाने फोर्ट मायर्स, सॅनिबेल आणि नेपल्स या सधन किनाऱ्याला झोडपले, आणि तेथे पाण्याने जे नुकसान केले ते साध्या घरविम्यात बसत नव्हते. पुराचा विमा स्वतंत्र घ्यावा लागतो. सरकारी योजनेत घराच्या इमारतीसाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि आतील सामानासाठी एक लाख डॉलर एवढेच संरक्षण मिळते. शिवाय चक्रीवादळासाठी स्वतः सोसायची रक्कम टक्क्यांत असते: ४० लाख डॉलरच्या विम्यावर ५ टक्के म्हणजे पहिले दोन लाख आपल्या खिशातून. म्हणून ऑफर देण्यापूर्वी त्या घराचे विम्याचे कोटेशन, छताचे वय आणि मागील दाव्यांचा अहवाल मागून घ्यावा.

समुद्राकाठचा कॉन्डो घेत असाल तर सोसायटीची कागदपत्रे स्वतः वाचावीत. २४ जून २०२१ रोजी सर्फसाइड येथील इमारत कोसळून ९८ जण गेले. त्यानंतर फ्लोरिडाने जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा केला. परिणामी ज्या इमारतींनी वर्षानुवर्षे निधी जमवला नव्हता, तेथे प्रत्येक फ्लॅटधारकावर मोठी एकरकमी वर्गणी येऊ लागली.

आई-वडिलांच्या नावावर घर घेणे

भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे मृत्यूनंतरचा कर आपल्या विचारातच नसतो. पुण्यात स्थायिक असलेल्या आई-वडिलांनी मुलाजवळ राहता यावे म्हणून स्वतःच्या पैशांतून, स्वतःच्या नावावर, कर्ज न काढता १५ लाख डॉलरचा फ्लॅट घेतला, असे समजा. अमेरिकेत कायमचा निवास नसलेल्या परदेशी व्यक्तीला इस्टेट टॅक्समध्ये सूट मिळते ती केवळ ६० हजार डॉलरची. भारत आणि अमेरिका यांच्यात या कराबाबत करारही नाही. तो फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर त्यांच्या निधनानंतर केंद्राचा कर पाच लाख डॉलरहून अधिक होतो. व्यवहारापूर्वी सल्लागाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा, कारण खरेदीनंतर रचना बदलणे खर्चिक आणि कधी कधी अशक्य असते.

गावाच्या नावावरून शाळा ठरवणे

पत्त्यात कॅलिफोर्नियातील साराटोगा लिहिले आहे म्हणून मुलाला साराटोगा हायस्कूल मिळेलच असे नाही. ते छोटेसे शहर अनेक शालेय जिल्ह्यांत, म्हणजे सरकारी शाळांच्या स्वतंत्र हद्दींत, विभागलेले आहे. टेक्सासमधील फ्रिस्को शहराचा काही भाग फ्रिस्कोच्या, काही प्रॉस्परच्या, तर काही लुईसव्हिलच्या शालेय जिल्ह्यात येतो. घराचा पूर्ण पत्ता जिल्ह्याच्या कार्यालयाला कळवून, वर्गात जागा आहे का हेही विचारावे.

आणि माणसांचा विचार करावा. वायोमिंगमधील जॅक्सन निसर्गाने अप्रतिम आणि कराच्या दृष्टीने उत्तम आहे. परंतु गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने दुसऱ्या शहरात न्यावे लागते. बंदिस्त वसाहतीतील प्रशस्त घरात, गाडी न चालवणारे आई-वडील सहा महिने कसे राहतील? न्यू जर्सी, शिकागो किंवा बे एरियात महाराष्ट्र मंडळ, मराठी शाळा, गणेशोत्सव आणि वाणसामानाची दुकाने हाताशी असतात, आणि ज्यांच्या घरी अशी वडीलधारी मंडळी येऊन राहतात त्यांच्यासाठी ही गोष्ट करदराच्या दोन टक्क्यांपेक्षा मोलाची आहे.

खरेदीपूर्वी वर्षभर भाड्याने राहणे शक्य असेल तर अवश्य राहावे, आणि त्या वर्षात डॅलसचा ऑगस्ट, फ्लोरिडाचा सप्टेंबर किंवा कॅलिफोर्नियातील वणव्यांच्या धुराचे दिवस टाळून भारतात येऊ नये. भाड्याचे घर मात्र ज्या शाळेच्या हद्दीत पुढे घर घ्यायचे आहे त्याच हद्दीत शोधावे, म्हणजे खरेदी झाल्यावर मुलांना पुन्हा शाळा बदलावी लागत नाही.